पेट्रोलच्या काट्याची साक्ष



ह्या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारणावरची खडाजंगीही ऐकता. त्या मानाने आजचा विषय अगदी लहान, तळहाताएवढ्या तबकडीत मावणारा आहे. जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावर पेट्रोल दाखविणारा जो काटा असतो, तो खोटे का बोलतो आणि त्याच्याकडून खरे कसे वदवून घ्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. ह्या विषयात एक सोय मात्र मोठी आहे. येथे मतभेदाला जागा नाही. टाकीत पेट्रोल असते, किंवा नसते.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्या. तरीही वडिलांची आठवण म्हणून जपलेली फियाट, दसऱ्याला हार घालून बाहेर निघणारी अँबॅसडर, अशा गाड्या गावोगावच्या आवारांतून अजून पुष्कळ उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना पेट्रोलच्या काट्याविषयी विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘‘काटा होय? तो शोभेचा आहे. आम्ही अंदाजाने चालवतो.’’

अंदाज चुकला म्हणजे गाडी घाटात उभी राहते, हे त्यातले लहान संकट. मोठे संकट निराळेच आहे. काट्यावर विश्वास नाही म्हणून हे गृहस्थ डिकीत पेट्रोलने भरलेला प्लॅस्टिकचा डबा बाळगतात! वैशाखाच्या उन्हात बंद डिकी किती तापते, हे मी सांगावयास नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती वर उडून जात नाही, खाली साचते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास झाले की एक ठिणगी पुरते. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या दोषाकडे दुर्लक्ष करून माणूस आपल्या बायकामुलांच्या पाठीशी आगीचे साहित्य नेऊन ठेवतो. म्हणून हा विषय मला भाषणाच्या योग्यतेचा वाटला.

जुनी मंडळी म्हणतील, काटा नव्हता तेव्हा काय गाड्या चालत नव्हत्या? चालत होत्या. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला काटा नव्हता, बैठक उचलावयाची, टाकीत काठी बुडवावयाची आणि ओल कुठवर आली ते पाहावयाचे. त्यानंतरच्या ‘मॉडेल ए’मध्ये टाकी डॅशबोर्डाच्या मागेच होती, तिच्यातला तरंगा आपली तबकडी स्वतःच हलवीत असे. जर्मनीच्या डीलक्स बीटललासुद्धा १९६१ पर्यंत काटा नव्हता. गाडी आचके देऊ लागली की पायाने एक तोटी फिरवून राखीव पेट्रोल सुरू करावयाचे. ही पद्धत आपल्याला नवी नाही. ‘स्कूटर रिझर्व्हला लागली’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही, असे मध्यमवर्गीय घर मिळणे कठीण. आणि रिझर्व्हही संपल्यावर स्कूटर आडवी करून पुन्हा किक मारणे, हा तर आपला घरगुती प्रयोग.

पण काठी आणि तोटी ह्यांत एक गुण होता. त्यांच्यात आणि पेट्रोलमध्ये मध्यस्थ नव्हता. टाकी गाडीच्या मागच्या टोकाला गेली, काटा पुढे राहिला, आणि दोघांच्या मध्ये निरोप पोचविणाऱ्यांची एक साखळी उभी राहिली. ही साखळी समजली की अर्धे काम झाले.

टाकीत एक पोकळ तरंगा असतो. तो एका दांडीच्या टोकाला बसविलेला असतो. पेट्रोल वर-खाली झाले की तरंगा वर-खाली होतो, दांडी फिरते आणि तिचे दुसरे टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे विजेच्या मार्गातला अडथळा, म्हणजे रोध, कमी-जास्त होतो. ह्या सबंध भागाला आपले मिस्त्री ‘टाकीचे युनिट’ म्हणतात. तेथून एक वायर पुढे मीटरला जाते. परतीचा मार्ग मात्र वायरीचा नसतो. युनिटचे धातूचे अंग टाकीला, टाकी गाडीच्या सांगाड्याला आणि सांगाडा बॅटरीला जोडलेला असतो. हाच ‘अर्थ’. म्हणजे साक्षीदार पाच झाले: तरंगा, युनिट, वायर, अर्थ आणि मीटर. काटा ह्यांपैकी शेवटचा. बाकीच्या चौघांनी सांगितले तेच तो बोलतो. पण शिव्या त्याला मिळतात आणि बदलला जातो तोही पहिला.

आता मीटरच्या दोन जाती लक्षात घ्या. पहिली जात चुंबकी. तिच्यात दोन वेटोळी असतात. एक काट्याला रिकाम्याकडे ओढते, दुसरे भरलेल्याकडे. ह्या रस्सीखेचीत काटा मध्ये कुठे तरी स्थिरावतो. बॅटरीचा दाब थोडा कमी-जास्त झाला तर दोन्ही ओढी सारख्याच बदलतात, म्हणून काटा फारसा हलत नाही. दुसरी जात उष्णतेची. तिच्यात दोन भिन्न धातूंची चिकटविलेली पट्टी असते. वीज गेली की पट्टी तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. आपल्या घरच्या इस्त्रीत ठराविक ऊब आली की वीज तोडणारी पट्टी असते, तिचीच ही बहीण. हिला मात्र बॅटरीचा दाब बदललेला सोसत नाही. म्हणून तिच्या अलीकडे एक लहानशी डबी बसवितात. ती वीज सतत तोडून-जोडून सरासरी दाब कायम ठेवते. ब्रिटिश स्मिथ्स मीटरांच्या बाबतीत तो दहा व्होल्ट. ह्या डबीला स्टॅबिलायझर म्हणतात.

आपल्या गाडीत कोणती जात आहे, हे गाडीच्या नावावरून ठरवू नका. ब्रिटनच्या एम. जी. बी. ह्या एकाच गाडीत आरंभी चुंबकी मीटर होते आणि १९६४ च्या अखेरीपासून उष्णतेचे आले. गाडीलाच विचारा. किल्ली फिरवा आणि काट्याकडे पाहा. तो झटकन उठून डुलू लागला, तर चुंबकी. सूर्यनमस्कार घालणाऱ्या वृद्धासारखा सावकाश उठला, तर उष्णतेचा. परीक्षेला एक पैसा लागत नाही.

ही जात ओळखणे इतके महत्त्वाचे का? कारण एकाच दोषाचा निकाल दोन्हींत उलटा लागतो. उष्णतेच्या मीटरात टाकीकडची वायर तुटली, तर पट्टी तापतच नाही. काटा रिकाम्यावर पडून राहतो. घाबरवतो खरा, पण फसवीत नाही. जुन्या स्मिथ्स किंवा जनरल मोटर्सच्या चुंबकी मीटरात तीच वायर तुटली, तर काटा थेट भरलेल्याच्या पलीकडे जातो! टाकी ठणठणीत कोरडी, आणि काटा सांगतो की घर भरलेले आहे. ह्याच्या उलट, वायरीचे आवरण झिजून ती सांगाड्याला टेकली, तर चुंबकी काटा रिकामे दाखवितो आणि उष्णतेचा काटा भरलेले. म्हणून ‘आमचा काटा नेहमी फुल्लच असतो’ असे कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न ‘कोणत्या जातीचा?’ हाच विचारला पाहिजे.

अर्थ सैल असेल तेव्हा गंमत आणखी वाढते. समजा, गंजामुळे किंवा रंगामुळे मार्गात वीस ओहमचा फुकटचा रोध शिरला. साठीच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला नव्वद, असा हिशेब होता. तेथे रिकामी टाकी वीस ओहम सांगू लागते. म्हणजे काटा जवळजवळ पाव टाकी दाखवितो. ह्या पाव टाकीच्या भरवशावर माणूस घाट चढावयास निघतो. उष्णतेच्या स्मिथ्स मीटरात हिशेब उलटा: रिकाम्या टाकीला अडीचशे ओहमच्या आसपास, भरलेल्या टाकीला वीस-तीस. येथे अडीचशेत वीस मिळविले तर काय बिघडते? पण वीस-तिसात वीस मिळविले, तर भरलेली टाकी पाऊण किंवा त्याहूनही कमी दिसू लागते. म्हणून चूक किती आहे एवढेच पाहू नका. ती तबकडीच्या कोणत्या टोकाला आहे तेही पाहा. चुकीचे स्वरूपच चूक करणाऱ्याचे नाव सांगते.

माझ्या एका स्नेह्यांची गाडी ह्याचे उत्तम उदाहरण आहे. उष्णतेचे मीटर, टाकी काठोकाठ भरली तरी काटा पाऊणच्या वर जाईना. गॅरेजवाल्याने मीटर बदलले. काटा पाऊणवरच. मग युनिट बदलले. तरीही पाऊणच. शेवटी युनिटची दांडी वाकवून काटा भरलेल्यावर आणून दिला. स्नेही आनंदले. पण आता टाकी रिकामी होत आली, तरी काटा थोडे पेट्रोल दाखवू लागला. पूर्वी वरच्या टोकाला असलेली निरुपद्रवी चूक खालच्या टोकाला, धोक्याच्या जागी, जाऊन बसली. खरा दोष काय होता? वर्षापूर्वी गाडीला नवा रंग दिला होता. टाकी काढून, रंगवून पुन्हा बसविली, तेव्हा तिच्या पट्ट्यांखाली रबर आणि स्क्रूंखाली रंगाचा जाड थर आला. वीज जावयाची कुठून? युनिटच्या अंगापासून सांगाड्यापर्यंत हातभर वायर जोडली, दांडी पुन्हा सरळ केली, आणि काटा दोन्ही टोकांना खरे बोलू लागला. दोन वस्तू विकत घेतल्या, त्या दोन्ही अनावश्यक होत्या. मोजल्याशिवाय बदलू नये, हे आजच्या भाषणाचे सार मी ह्याच गाडीकडून घेतले आहे.

तर मग मोजावयाचे कसे? क्रम सांगतो. प्रथम खरे काय आहे ते ठरवा. टाकी शक्य तितकी रिकामी झाल्यावर मोकळ्या, सपाट जागी गाडी उभी करा. पेट्रोल पंपावर जाऊन पाच-पाच लिटर घाला आणि प्रत्येक वेळी, थोडे थांबून, काटा कुठे आला ते वहीत टिपा. ही यादी म्हणजे तुमच्या काट्याचा जबाब.

दुसरी गोष्ट, शेजाऱ्याकडे पाहा. इंजिनाची उष्णता दाखविणारा काटाही विजेचा आणि त्याच डबीवर चालणारा असेल, आणि दोघेही एकदमच जास्त दाखवीत असतील, तर दोष टाकीत शोधू नका, स्टॅबिलायझरकडे जा. त्याचा अर्थ सुटला म्हणजे तो वीज तोडणे बंद करतो आणि बॅटरीचा पूर्ण दाब दोन्ही मीटरांवर जातो. दोघेही एकदमच पडले असतील, तर त्या डबीतून वीजच पुढे जात नाही. एकाच घरातली दोन माणसे एकाच दिवशी आजारी पडली, तर आपण विहिरीचे पाणी तपासतो; तसेच हे.

तिसरी पायरी अर्थाची. युनिटच्या अंगाला एक तात्पुरती वायर लावून तिचे दुसरे टोक सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या भागाला जोडा. वायर आधी टाकीकडे जोडावी आणि सांगाड्याकडे नंतर, म्हणजे ठिणगी पडलीच तर टाकीपासून दूर पडेल. काटा सुधारला, की काम संपले. नाही सुधारला, तर चौथी पायरी वायरीची. डिकीच्या कोपऱ्यातले जोड पाहा. हिरवट कीट चढलेला जोड पॉलिश पेपरने घासला तरी पुष्कळदा रोग बरा होतो.

पाचवी पायरी मीटरची. टाकीकडची वायर सोडवून तिच्या जागी, गाडीच्या कोष्टकाप्रमाणे ठराविक ओहमचा रोध जोडा. रिकाम्या टाकीचा रोध लावल्यावर काटा रिकाम्यावर आणि भरलेल्या टाकीचा लावल्यावर भरलेल्यावर गेला, तर मीटर निर्दोष आहे. काही मिस्त्री वायर सरळ सांगाड्याला टेकवून पाहतात. उष्णतेच्या मीटरात असे करून काटा तसाच ठेवला, तर आतले बारीक वेटोळे जळते. निर्दोष साक्षीदाराला चौकशीतच ठार मारल्यासारखे होते.

एवढे सगळे करून दोष सापडला नाही, तरच टाकीचे युनिट काढावयाचे. येथे मी हात जोडून सांगतो, घाई करू नका. आधी बॅटरीची वायर सोडा. काम उघड्यावर करा. विडी-काडी तर नकोच, पण हातात धरून फिरवावयाचा विजेचा दिवाही नको. टाकी रिकामी केली म्हणजे धोका संपला, असे समजू नका. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. रिकामी टाकी मात्र वाफ आणि हवा ह्यांच्या मिश्रणाने भरलेली असते आणि म्हणूनच अधिक भयंकर. युनिटची कडी फिरविताना लोखंडी छिन्नी वापरू नये, पितळी वापरावी. युनिट बाहेर आले की टाकीचे तोंड लगेच बंद करावे आणि पुढची तपासणी टाकीपासून दूर, टेबलावर करावी.

टेबलावर दांडी सावकाश वर-खाली करीत मल्टिमीटरवर रोध पाहा. आकडा एकसारखा चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली, तर तारेचे वेटोळे तेथे झिजले आहे. नेहमी अर्ध्याच्या आसपास काटा नाचतो अशी तक्रार असते, तिचे कारण बहुधा हेच.

मग तरंगा कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर तो फुटला आहे, पेट्रोल पिऊन जड झाला आहे, आणि टाकी कितीही भरली तरी तो तळाशीच बसतो. असा पितळी तरंगा आत पेट्रोल असताना डाग देण्यासाठी आगीजवळ नेऊ नका, नवा घ्या. फार जुन्या गाड्यांत बुचाच्या लाकडाचा, वरून लाखेचे रोगण दिलेला तरंगा असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे शेकडा वीस इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि इथेनॉल हे अल्कोहोलच. तेव्हा सत्तर-ऐंशी वर्षे तरंगलेला तरंगा आता बुडू लागला, तर नवल नाही.

दांडी वाकविणे हा सगळ्यांत शेवटचा उपाय. बाकीचे चौघे निर्दोष ठरल्यावरच तो करावा; एरवी तो एका खोट्यावर दुसरे खोटे चढविण्याचा प्रकार होतो.

आता एक खुलासा. काही तक्रारी दोषाच्या नसतातच. ‘वरचा अर्धा भाग हळूहळू जातो, खालचा झपाट्याने जातो,’ असे पुष्कळ जण म्हणतात. तरंग्याला पेट्रोलची उंची कळते, माप कळत नाही. आडवे ठेवलेले रॉकेलचे पिंप डोळ्यांपुढे आणा. त्यात उंचीचा चौथा भाग उरला, तेव्हा तेल पाव पिंप नसते. शेकडा साडेएकोणीसच असते. उंचीचा दहावा भाग उरला, की तेल उरते शेकडा पाच. टाकीचा तळ निमुळता असेल तर हाच प्रकार होतो. येथे मीटरला दोष देणे म्हणजे भूमितीवर रागावणे होय. ह्यावर औषध एकच: तुम्ही केलेली ती पाच-पाच लिटरची यादी.

मापावरून आठवले. जुन्या पुस्तकांत टाकीचे माप गॅलनमध्ये असते. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. म्हणजे ‘दहा गॅलन’ हे एका देशात साडेपंचेचाळीस लिटर, तर दुसऱ्या देशात अडतीसही नाहीत. अशा घोटाळ्याने काय होते, त्याचा जगप्रसिद्ध दाखला कॅनडातला आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे नवेकोरे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून निघाले, तेव्हा त्याचे इंधनाचे मीटर बंद होते. मोजपट्टीने टाक्या मोजल्या. मोजणी बरोबर होती, ७,६८२ लिटर. पण लिटरचे वजन काढताना पौंडाचा गुणक, १.७७, वापरला आणि उत्तर किलोग्रॅम समजले! लागणारे इंधन २२,३०० किलोग्रॅम. चढले त्याच्या निम्म्याहूनही कमी. आकाशात असतानाच दोन्ही इंजिने थोड्याच वेळात एकामागून एक बंद पडली. वैमानिकाने विमान तरंगवत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले, आणि सुदैवाने एकही प्राणहानी झाली नाही. तेथे मीटर गप्प होते, काठी खरे बोलली होती, तरीही घात झाला. कारण मिळालेल्या आकड्याचा अर्थ कोणी पडताळला नाही.

श्रोतेहो, एवढ्याशा काट्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल. नवे मीटर आणावे आणि मोकळे व्हावे! पण बाजारात मिळणारे नवे युनिट तुमच्या मीटरच्या ओहमशी जुळतेच असे नाही. आणि दोष अर्थात असेल, तर सोन्याचे मीटर बसविले तरी ते खोटेच बोलेल. शिवाय ह्या गाड्या बनविणारे कारखाने बंद झाले, त्यांची दुरुस्ती जाणणारे मिस्त्री वृद्ध झाले. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते आपण विचारून, वहीत टिपून ठेवले नाही, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला गाडी येईल, पण ती चालविण्याचा धीर येणार नाही. आपल्या मुलीने आजोबांची फियाट घेऊन निर्धास्तपणे घाट उतरून जावे, असे वाटत असेल, तर तिच्या हाती किल्लीबरोबर ती वहीही द्या. आणि डिकीतला तो डबा आजच रिकामा करा.